शितावरून भात: एकट्यानं बनवलेलं पहिलं सॉफ्टवेअर लोकांपुढे कसं मांडावं

माझ्या पहिल्या प्रॉडक्टच्या लाँचच्या दिवशी ४१२ जणांनी पान उघडलं आणि १९ जणांनी खातं काढलं. त्यातल्या १७ जणांना 'खातं पक्कं करा' ही ईमेल दिसलीच नाही, कारण ती थेट स्पॅममध्ये जाऊन पडली. उरलेल्या दोघांतला एक मी होतो. दुसरा माझा मावसभाऊ, त्याला मी फोन करून स्पॅम फोल्डर उघडायला लावला होता.

ईमेलचा घोळ त्याच रात्री निस्तरला. दुसरी चूक कळायला मात्र तीन महिने लागले. बाकीचे ३९३ जण आले, त्यांनी वाचलं आणि ते निघून गेले, कारण पानावर वाचण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतंच. प्रॉडक्ट तसं साधं होतं: स्वतंत्र काम करणाऱ्यांची थकलेली बिलं लक्षात ठेवायची आणि ग्राहकाला वेळच्या वेळी आठवणीचं पत्र पाठवायचं. मी त्याचं यथासांग वर्णन केलं होतं. नऊ वैशिष्ट्यं, तीन स्क्रीनशॉट आणि खाली एक भलंमोठं बटण.

तीन महिन्यांनी कंटाळून मी एक वेगळंच पान टाकलं. त्यात तीनच रकाने होते: ग्राहकाचं नाव, रक्कम आणि बिल किती दिवस थकलंय. बटण दाबलं की पत्र तयार. नम्र, जरा कडक आणि शेवटचं, असे त्याचे तीन सूर. ना खातं, ना ईमेल, ना ओटीपी. लोक तेच पान एकमेकांना पाठवायला लागले. मूळ पानाची लिंक कुणी कुणाला पाठवल्याचं मला तरी आठवत नाही.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. गाठीशी पैसा बेताचा आहे, टीम म्हणजे आपण एकटेच आणि आपलं नाव कुणाला माहीत नाही, अशा अवस्थेत लाँच कसं करायचं ते खाली क्रमानं सांगतो. लाँचची बातमी एकीकडे आणि प्रॉडक्ट दुसरीकडे असं होऊ देऊ नका, हे त्यातलं मुख्य. बातमी म्हणून लोकांच्या हातात जे पडेल ते प्रॉडक्टचंच शीत असू द्या.

१. आधी तीस नावं लिहा

'लहान व्यावसायिकांसाठी', 'क्रिएटर मंडळींसाठी' असं म्हटल्यानं डोळ्यांपुढे कुणीच येत नाही. कागद घ्या आणि ज्यांना ही अडचण अलीकडे खरोखर आलेली तुम्हाला ठाऊक आहे अशा तीस जणांची नावं लिहा. बाराव्या नावावर पेन थांबलं तर कोड लिहिणं थांबवा आणि उरलेली अठरा माणसं शोधायला बाहेर पडा. ती सापडतात त्यांच्या तक्रारींच्या जागी: व्यवसायाच्या ग्रुपमध्ये, जुन्या सॉफ्टवेअरच्या एक आणि दोन तारे दिलेल्या रिव्ह्यूंमध्ये, 'याला काही पर्याय आहे का' अशा पोस्टींखाली.

त्यांच्याशी बोलताना 'असं काही आलं तर तुम्ही वापराल का?' हे विचारू नका. भिडस्त माणूस 'हो, छानच आहे' म्हणतो आणि तुम्ही त्या 'हो'च्या भरवशावर चार महिने घालवता. त्यापेक्षा 'गेल्या वेळी बिल थकलं तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत?' असं विचारा. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल माणूस सहसा खोटं बोलत नाही. काहीच केलं नाही असं उत्तर आलं, तर ती अडचण त्याला फारशी बोचत नाही, हेही कळतं.

त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा. मी माझ्या पानावर 'येणे रकमेचं स्वयंचलित व्यवस्थापन' असं लिहिलं होतं. तिसांपैकी एकानंही तसे शब्द वापरले नाहीत. सगळे म्हणत होते, 'पैसे अडकलेत.' पानाचं शीर्षक तेच झालं.

२. शीत शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. तुमच्या प्रॉडक्टचा असा कोणता तुकडा आहे, जो अनोळखी माणूस मिनिटभरात, खातं न काढता वापरू शकेल किंवा निदान चालताना पाहू शकेल? प्रत्येक प्रॉडक्टचं शीत वेगळं असतं, म्हणून काही घडून गेलेले दाखले सांगतो.

ड्रॉपबॉक्सचं सगळं काम पडद्यामागे चालायचं. एका संगणकावर फाइल ठेवली की ती दुसऱ्यावर दिसते, हे २००८ साली शब्दांत सांगितलं तर कुणी भुवईही उंचावली नसती, कारण तसे दावे बरेच जण करत होते. ड्रॉपबॉक्सचे संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी मग काही मिनिटांचा व्हिडिओ केला. स्वतःचाच आवाज, स्वतःचीच स्क्रीन. तो डिग या बातम्यांच्या लिंक सुचवायच्या साइटच्या वाचकांसाठी होता आणि स्क्रीनवरच्या फाइलींत त्याच मंडळींना कळतील असे खोडकर संदर्भ पेरलेले होते. एका रात्रीत बीटाच्या, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीच्या, प्रतीक्षायादीतली नावं ५,००० वरून ७५,००० वर गेली. व्हिडिओ चकचकीत नव्हता हे मुद्दाम सांगतो. एका ठराविक घोळक्यासाठी, त्यांच्याच बोलीत केलेलं ते प्रात्यक्षिक होतं.

पीटर लेव्हल्स यांची नोमॅड लिस्ट, म्हणजे फिरत फिरत काम करणाऱ्यांसाठी शहरांची यादी, २०१४ साली सुरू झाली तेव्हा तिला साइटही नव्हती. शहरं, तिथला राहण्याचा खर्च, इंटरनेटचा वेग अशी माहिती त्यांनी एका उघड्या गूगल स्प्रेडशीटमध्ये मांडली आणि ट्विटरवर टाकली. कुणालाही बदल करता येत असल्यामुळे लोकांनी स्वतःच रकाने वाढवले आणि भरलेही. साइट त्यानंतर आली. तुमच्या प्रॉडक्टचा जीव माहितीत असेल तर पहिली आवृत्ती स्प्रेडशीटच असू द्या. कोणता रकाना लोक भरतात आणि कोणता रिकामा सोडतात, हे तिथे फुकटात समजतं.

काही प्रॉडक्टमधून एखादी वस्तू बाहेर पडते आणि वापरणाऱ्याच्या हातून तिसऱ्या माणसाकडे जाते. अहवाल, फॉर्म, भेटीची लिंक, बिल. ती वस्तूच तुमचं शीत. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू केलं, आणि तिथून जाणाऱ्या ईमेलच्या तळाशी 'तुम्हीही फुकट ईमेल घ्या' अशा अर्थाची ओळ जाऊ लागली. ईमेल पोचली म्हणजे सेवा चालते, याचा पुरावा त्या ईमेलमध्येच होता. १९९७ संपायच्या आत मायक्रोसॉफ्टनं कंपनी विकत घेतली.

वर्डल या रोज एक शब्द ओळखायच्या ऑनलाइन खेळाचं उदाहरण त्याहून गंमतीचं. १ नोव्हेंबर २०२१ ला तो खेळ ९० जण खेळत होते आणि २ जानेवारी २०२२ ला ३ लाख. मधल्या काळात काय घडलं? काही खेळाडू आपला निकाल रंगीत चौकोनांच्या इमोजींनी हातानं टाइप करून एकमेकांना पाठवत असल्याचं तो खेळ बनवणाऱ्या जॉश वॉर्डल यांना दिसलं. डिसेंबरात त्यांनी त्याचं बटण करून दिलं. उत्तर फोडायचं नाही, पण चुरस दाखवायची. त्या चौकोनांत लिंकसुद्धा नव्हती. 'हे काय आहे?' असं विचारणं भाग पडायचं. युजर जे हातानं, कटकट सोसून करतायत, त्याचं बटण करा. एवढी एकच युक्ती या लेखातून उचललीत तरी चालेल.

इथे एक इशारा. माझ्या आठवणीच्या पत्राखाली 'हे पत्र अमुक सॉफ्टवेअरनं बनवलं' अशी ओळ टाकायचा मोह मला झाला होता. टाकली असती तर घात झाला असता. ज्याचे पैसे अडकलेत त्याला आपलं पत्र यंत्रानं लिहिलंय हे ग्राहकाला कळू द्यायचं नसतं. बाहेर जाणारी वस्तू युजरचा चेहरा असते. त्यावर आपला शिक्का मारायचा तर आधी त्याला विचारा आणि तो काढून टाकायची सोय ठेवा.

कधीकधी शीत प्रॉडक्टच्या शेजारी सापडतं. क्रू नावाच्या कंपनीनं आपल्या साइटसाठी फोटो काढून घेतले होते, त्यातले बरेच उरले. २०१३ साली त्यांनी ते एका टम्बलर ब्लॉगवर फुकट वाटायला काढले, दर दहा दिवसांनी दहा फोटो. त्याचं नाव अनस्प्लॅश. पुढे ते मूळ कंपनीपेक्षा मोठं झालं आणि २०२१ मध्ये गेटी इमेजेसनं विकत घेतलं. तुमच्याकडे काम करताना तयार झालेलं काय पडून आहे? एखादं कॅल्क्युलेटर, साफ केलेली यादी, तपासणीचं छोटं साधन, पत्रांचे नमुने? त्याला स्वतःचं पान द्या.

दुसऱ्याच्या अंगणात मांड ठोकणं हा आणखी एक मार्ग. बालसमिक हे स्क्रीनची कच्ची चित्रं काढण्याचं सॉफ्टवेअर २००८ मध्ये आलं ते कॉन्फ्लुएन्स या टीमनं मिळून लिखाण करायच्या सॉफ्टवेअरला जोडायचं प्लगइन म्हणून. जिथे लोक आधीपासून काम करतायत आणि जिथे पैसे द्यायची सवय आहे, तिथेच त्यांना गाठलं. स्वतंत्र डेस्कटॉप आवृत्ती निघाली आणि तीच जास्त खपली, हा भाग वेगळा. ब्राउझर एक्स्टेंशन, स्प्रेडशीटचं अ‍ॅड-ऑन, दुकानाच्या सॉफ्टवेअरचं छोटं अ‍ॅप, हे सगळं याच जातीचं. धोकाही याच जातीचा: घरमालकानं उद्या नियम बदलले तर आपण उघड्यावर. म्हणून युजरची ईमेल, त्याच्या परवानगीनं, पहिल्या दिवसापासून आपल्याकडे असू द्या.

आणि प्रॉडक्टच असं जड असेल की त्याचा तुकडा पडत नाही? मग भरलेलं डेमो खातं उघडं ठेवा. 'भरलेलं' यावर जोर आहे. रिकामा डॅशबोर्ड आणि 'अजून काही नोंद नाही' ही पाटी, याइतका वाईट डेमो मी पाहिलेला नाही. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चाळीस नोंदी बसून भरा, त्यात एकदोन चुकलेल्याही ठेवा.

३. पहिल्या दहा जणांना हातानं बसवून द्या

स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट सेवेचे संस्थापक पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन सुरुवातीला कुणी 'बीटा वापरून बघू' म्हटलं की लिंक पाठवतो असं सांगत नसत. 'लॅपटॉप द्या इकडे' म्हणत आणि तिथल्या तिथे सगळं जोडून देत. नव्या कंपन्यांना पैसा आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरमध्ये या पद्धतीला त्यांचंच नाव पडलं. कन्व्हर्टकिट या ईमेल सेवेच्या नेथन बॅरी यांनीही असंच केलं. ब्लॉग लिहिणाऱ्यांना एकेकट्यानं गाठायचं, आणि जुन्या ईमेल सेवेतून सगळं उचलून इकडे आणायची कटकट नको असं कुणी म्हटलं की 'ते मी करून देतो, फुकट' असं सांगायचं.

तुमचे पहिले दहा असेच आणा. निरोप कसा लिहायचा ते दाखवतो. माझा पहिला निरोप असा होता:

'नमस्कार, मी व्यावसायिकांसाठी एक अभिनव प्लॅटफॉर्म तयार केला आहे. कृपया साइनअप करून आपला अमूल्य अभिप्राय कळवावा.'

चाळीस जणांना पाठवला. दोन उत्तरं आली, दोन्ही 'अभिनंदन' अशी. मग हा लिहिला:

'नमस्कार, परवा तुम्ही लिहिलं होतं की एका ग्राहकाचं बिल ४० दिवस थकलंय आणि चौथ्यांदा आठवण करायला संकोच वाटतो. तुमच्या या बिलासाठी एक पत्र तयार करून खाली चिकटवलंय. उपयोगी वाटलं तर तसंच पाठवा. खटकलं तर कोणतं वाक्य खटकलं तेवढं सांगा.'

खाली पत्र. तेच शीत. कुठलंही बटण दाबायच्या आधी माणसाचं काम झालेलं असतं. असा निरोप एका माणसासाठी लिहायला पंधरा मिनिटं जातात, आणि म्हणूनच तो एका माणसासाठी लिहिलेला वाटतो. तेच वाक्य कॉपी करून दोनशे जणांना पाठवलंत तर तो पुन्हा पहिलाच निरोप झाला.

कुणी तयार झालं की स्क्रीन शेअर करायला सांगा आणि गप्प बसा. हे फार जड जातं. माझ्या फॉर्ममध्ये 'देय दिनांक' असा रकाना होता. पहिल्या पाचांपैकी तिघांनी त्यात बिल पाठवल्याची तारीख टाकली. चौथीचा कर्सर तिथे थबकला, वर गेला, परत आला, आणि तिनं आजची तारीख टाकली. मी तोंड उघडून सांगितलं असतं तर मला हे कधीच दिसलं नसतं. रकान्याचं नाव 'पैसे कधी यायला हवे होते?' असं केलं आणि प्रश्न मिटला.

४. रटाळ पण टाळू नये असं

या पायरीत कल्पकता काही नाही. आदल्या आठवड्यात एक संध्याकाळ काढा.

ईमेल: डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी लावा; ईमेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आली हे समोरच्या सेवेला त्यांवरून पडताळता येतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना आणि याहूनं घाऊक ईमेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. तुम्ही त्या आकड्याच्या आसपासही नसाल, पण कोऱ्या डोमेनवरून आलेल्या पत्राकडे तसंही संशयानं पाहिलं जातं. वेगवेगळ्या सेवांवरची तीन-चार खाती घेऊन स्वतःला ईमेल पाठवून बघा. आपल्याच डोमेनवर तपासून उपयोग नाही, माझं तिथेच फसलं.

पैसे: पेमेंटची चाचणी खऱ्या कार्डानं करा आणि रिफंडही करून बघा. ग्राहक अनेक देशांतले असतील तर प्रत्येक ठिकाणच्या विक्रीकराचं झेंगट तुमच्या डोक्यावर बसतं. पॅडल किंवा लेमन स्क्वीझीसारख्या सेवा कागदोपत्री स्वतः विक्रेता होतात आणि कर परस्पर भरतात. साध्या पेमेंट सेवेपेक्षा त्या जास्त कापून घेतात, पण एकट्या माणसाला ते परवडतं असं माझं मत.

मोबाइल अ‍ॅप असेल तर तारीख जाहीर करायच्या आधी हे वाचा: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या गूगल प्लेच्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला, अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी निदान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. ही अट शेवटच्या आठवड्यात कळली म्हणून लाँच पुढे ढकललेले लोक मी पाहिलेत. तुमच्या तीस नावांतले बारा इथे कामाला येतात.

शेवटी, ज्याला तुमच्या कामातलं काही कळत नाही अशा माणसाच्या हातात त्याचाच फोन राहू द्या आणि साइनअप करायला सांगा. तुमच्या फोनवर सगळं नेहमी चालतंच.

५. कुठे मांडायचं आणि कोणत्या क्रमानं

लहान खोलीतून मोठ्या खोलीत जा. आधी तीस माणसं, मग ती ज्या ग्रुपमध्ये उठतात-बसतात ते ग्रुप, आणि त्यानंतर मोठी व्यासपीठं. उलटं केलंत तर तुमच्या कच्च्या प्रॉडक्टचा पहिला प्रेक्षकच सगळ्यात निर्दय निघतो.

हॅकर न्यूज या प्रोग्रामर मंडळींच्या चर्चेच्या साइटवर, आपण बनवलेली गोष्ट दाखवण्यासाठी 'शो एचएन' हा प्रकार आहे. त्याचा नियम या लेखाला धार्जिणा आहे: लोकांना प्रत्यक्ष चालवून पाहता येईल अशीच गोष्ट मांडायची. नुसतं लँडिंग पेज, म्हणजे प्रॉडक्टची ओळख करून देणारं पान, किंवा ईमेल गोळा करणारं पान चालत नाही, आणि खातं न काढता वापरता आलं तर उत्तम. मित्रांना मतं द्यायला किंवा कौतुकाच्या प्रतिक्रिया टाकायला सांगणं साफ मना आहे, आणि तिथली मंडळी ते ओळखतात. शीर्षक कोरडं ठेवा. 'बिल थकलं की आठवणीचं पत्र लिहून देणारं पान' हे चालतं. 'क्रांती', 'भविष्य', 'सर्वोत्तम' हे शब्द पाहून तिथला वाचक बिथरतो. पोस्टखाली पहिली टिप्पणी स्वतःची टाका: हे का बनवलं, आत काय वापरलं, काय अजून नीट चालत नाही. उणीव आपणच सांगितली की टीकाकाराचा अर्धा आवेश ओसरतो.

प्रॉडक्ट हंट ही रोज नवी प्रॉडक्ट मांडण्याची साइट. २०१३ मध्ये रायन हूवर यांनी ती सुरू केली तेही साध्या ईमेल यादीच्या रूपात, म्हणजे पुन्हा शीतच. तिथला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार रात्री १२ वाजून १ मिनिटानं सुरू होतो आणि त्या दिवसाच्या यादीत चुरस असते. तो दिवस उत्तरं द्यायला मोकळा ठेवा. पण माझा स्पष्ट अनुभव असा की तिथे येणारे बरेचसे आपल्यासारखेच प्रॉडक्ट बनवणारे असतात. तुमचे ग्राहक तेच असतील तर सोनं. तुमचे ग्राहक दंतवैद्य किंवा लेखापाल असतील तर प्रॉडक्ट हंटचा बिल्ला आपल्या साइटवर लावायला छान, बाकी काही नाही.

रेडिटवर प्रत्येक उपगटाचे नियम निराळे. काही ठिकाणी स्वतःच्या वस्तूची लिंक टाकलीत तर हकालपट्टी, काही ठिकाणी आठवड्यातून एक दिवस मुभा. बाजूच्या पट्टीतले नियम वाचा, आणि महिनाभर नुसती उत्तरं देत बसा. लिंक न देता शीत देता येतं हे विसरू नका. मी एका चर्चेत तिसऱ्या आठवणीच्या पत्राचा अख्खा मजकूर चिकटवला होता, कुठल्याही नावाविना. 'हे कुठून आणलंत?' असं विचारणारे स्वतःहून आले.

६. किंमत लपवू नका

फुकट वापरणारे शंभर जण तुम्हाला शंभर सूचना देतात. पैसे देणारे तीन जण तीनच देतात, आणि त्या खऱ्या असतात. सोशल मीडियावरच्या पोस्ट आधीच वेळ ठरवून ठेवायचं सॉफ्टवेअर असलेल्या बफरचे जोएल गॅस्कॉइन यांनी २०१० मध्ये प्रॉडक्ट बनवायच्या आधी दोन पानं केली: एकावर कल्पना, दुसऱ्यावर 'अजून तयार नाही, ईमेल द्या'. लोकांनी ईमेल दिली. मग त्यांनी दोन्हींच्या मध्ये किमतीचं पान घातलं. तरीही काही जण पैसे मोजायच्या पर्यायावर टिचकी मारून पुढे गेले, तेव्हा कुठे त्यांनी कोड लिहायला घेतला.

'एकदाच पैसे द्या, आयुष्यभर वापरा' अशा सवलतीनं पहिल्या आठवड्यात खातं भरल्यासारखं दिसतं. पण त्या लोकांचा सर्व्हरचा खर्च आणि तक्रारी पुढची कित्येक वर्षं तुम्हालाच पुरवायच्या असतात. करायचंच असेल तर मोजक्या संख्येपुरतं करा आणि संख्या जाहीर करा. मला स्वतःला 'पहिल्या पन्नास जणांना ही किंमत कायम' हे जास्त सरळ वाटतं.

७. स्टंट करावा का?

प्रवाशांना लोकांच्या घरात भाड्यानं राहायची सोय करून देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनी २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत ओबामा आणि मॅकेन यांच्या नावांची सिरिअलची खोकी काढून ४० डॉलरला एक अशी विकली आणि सुमारे ३०,००० डॉलर उभे केले. गोष्ट रंगतदार आहे, सगळे सांगतात. पण त्या खोक्यांनी त्यांना तगून राहायला पैसे आणि थोडी प्रसिद्धी दिली, राहायला येणारे पाहुणे दिले नाहीत. स्टंट बघून आलेला माणूस स्टंटबद्दल बोलतो. त्यात प्रॉडक्टचं शीत असेल तरच करा. माझ्या डोक्यात 'जगातलं सगळ्यात जुनं थकलेलं बिल' अशी स्पर्धा घ्यायचं होतं. स्पर्धकाला आमच्याच पानावर पत्र तयार करून पाठवावं लागणार होतं, म्हणून ती कल्पना मला अजूनही बरी वाटते. घेतली मात्र नाही, कारण बिल खरं आहे हे तपासणार कोण?

८. दुसऱ्या दिवसापासून

आलेख पहिल्या दिवशी वर जातो आणि तिसऱ्या दिवशी कोसळतो. तो सगळ्यांचाच कोसळतो, त्यात विशेष काही नाही. किती जण आले यापेक्षा किती जणांनी मुख्य काम एकदा तरी पूर्ण केलं ते मोजा, आणि त्यातले आठवड्यानं परत किती आले तेही. माझ्यासाठी मुख्य काम म्हणजे पत्र तयार होणं. खातं उघडणं नव्हे.

दोनेक आठवडे वापरलेल्यांना एक प्रश्न पाठवा: 'उद्यापासून हे बंद झालं तर तुम्हाला कसं वाटेल?' खूप वाईट वाटेल, थोडं वाईट वाटेल, काही फरक पडत नाही. स्टार्टअपच्या वाढीवर काम करणारे शॉन एलिस यांनी हा प्रश्न रूढ केला आणि 'खूप वाईट' म्हणणारे ४० टक्क्यांच्या वर असावेत असा त्यांचा ठोकताळा आहे. वीस-पंचवीस उत्तरांवर टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, पण 'खूप वाईट' म्हणणारी माणसं कोण आहेत ते नीट बघा. पुढचं लाँच त्यांच्यासारख्यांसाठी. हो, पुढचं. एअरबीएनबीनंही आपली साइट एकदाच नव्हे, अनेकदा लाँच केली. पहिल्यांदा कुणी पाहिलंच नसेल तर दुसऱ्यांदा मांडायला लाज कसली? नवं शीत घ्या, नवी खोली घ्या.

आणि जे वाटेतच गळाले त्यांना लिहा. ज्या १७ जणांना माझी ईमेल पोचली नव्हती, त्यांना मी दुसऱ्या दिवशी माझ्या साध्या, रोजच्या मेलबॉक्समधून एकेक पत्र लिहिलं: चूक माझी होती, दुरुस्त केली आहे, वाटलं तर परत या. पाच उत्तरं आली. त्यातल्या एकीनं लिहिलं की तिला आता गरज नाही, कारण वाट बघता बघता तिनं स्वतःच एक्सेलमध्ये तक्ता केलाय, आणि तो सोबत जोडला. त्यात एक रकाना होता जो माझ्या डोक्यातही आला नव्हता: 'याला फोन करायचा की लिहायचं?' तो रकाना आज माझ्या प्रॉडक्टमध्ये पहिल्या स्क्रीनवर आहे.